कार्ड दोन्ही हातांनी

"अगं, कुबडी बाजूला ठेव ना. टू हँड्स! तूच लिहिलंयस ना बुकलेटमध्ये?"

सर हसत बोलले. इंग्लंडमधल्या बेसिंगस्टोकचं आमचं ऑफिस, तिथली मीटिंग रूम. दोन आठवड्यांनी आमची टीम शांघायला जाणार होती, मीही जाणार होते. तिथल्या लोकांशी कसं वागायचं याची तालीम चालली होती. आमचे टीम लीड, पुण्याचे सर, चिनी क्लायंट झाले होते. एकेकानं पुढे जायचं, जरा वाकायचं, आपलं कार्ड दोन्ही हातांनी द्यायचं. नियम मी लिहिलेला. सगळी पुस्तिकाच माझी.

माझा उजवा पाय लहानपणीच पोलिओनं गेला. काखेत कुबडी. दोन्ही हात मोकळे करायचे तर मला उभं राहणंच सोडावं लागतं.

तरी मी कुबडी टेबलाला टेकवली. ती घसरली. मी टेबल धरलं, कार्ड खाली पडलं. कुणी चहाच्या मगात बघितलं, कुणी खिडकीबाहेर. सरांनी कार्ड दोन बोटांत उचललं आणि टेबलावर टाकलं. माझा हात पुढेच होता.

"तू राहू दे," ते मराठीत म्हणाले, बाकीच्यांना कळू नये म्हणून. "चायनीज लोक फार फॉर्मल असतात गं. इट वोन्ट लुक नाइस. तू इथूनच सपोर्ट दे."

मग इंग्रज मॅनेजरकडे वळून त्यांनी इंग्रजीत सांगितलं, की तिलाच प्रवास नको वाटतोय. मॅनेजरनं माझ्याकडे बघून सहानुभूतीनं मान हलवली. मी टेबलावरचं कार्ड उचललं आणि गप्प बसले. त्या गप्प बसण्याची लाज मला अजून वाटते.

ते टाकणं मी ओळखलं होतं. कामाला लागले त्याच आठवड्यात सरांनी माझं आडनाव विचारलं होतं. मग गाव. मग गावात घर कुठे. त्यानंतर त्यांच्या बायकोनं केलेल्या चकल्यांचा डबा सगळ्यांच्या डेस्कवर फिरायचा, माझ्याजवळ आला की पेपर नॅपकिनवर दोन चकल्या ठेवल्या जायच्या.

आमच्या गावात शाळेशेजारी मास्तरांचं घर होतं. तहान लागली की आमच्या वस्तीतली पोरं त्यांच्या अंगणाबाहेर उभी राहायची. मास्तरीणबाई वरून पाणी ओतायच्या. ओंजळ धरायला दोन्ही हात लागतात. मी काठी टाकून चिखलात बसायचे आणि हात वर करायचे. परकर भिजायचा. पोरं हसायची. आई सांगायची, भांड्याला लागू नकोस गं. मी सात वर्षांची होते.

दुसऱ्या दिवशी शांघायच्या ऑफिसातल्या मिस लिनला फोन लावला. पुस्तिकेतलं निम्मं तिनंच मला सांगितलेलं. टॅक्सीवाल्यांना इंग्रजी वाचता येत नाही, म्हणून हॉटेलचा पत्ता चिनी अक्षरांत जवळ ठेवा. भातात चॉपस्टिक उभ्या खोचू नका. मेट्रो स्टेशनांच्या सगळ्या दारांना लिफ्ट नसते. मी विचारलं, कुणाच्या हातात कुबडी असेल तर कार्ड कसं द्यायचं?

"वन हँड," ती म्हणाली. "ऑर वी सिट डाऊन टुगेदर. हू इज कमिंग? आय विल काउंट द स्टेप्स."

फोन ठेवला आणि मी टॉयलेटमध्ये जाऊन रडले. हजारो मैलांवरची, कधी न पाहिलेली बाई माझ्यासाठी पायऱ्या मोजायला तयार होती. आणि माझीच भाषा बोलणाऱ्या माणसानं तिच्या देशाचा रिवाज पुढे करून मला दाराबाहेर ठेवलं होतं.

संध्याकाळी सर डेस्कपाशी आले. "ते लिफ्ट, रॅम्पवालं पान काढून टाक. आता कुणाला लागणार आहे? आणि कव्हरवर टीमचं नाव टाक."

"पान राहील," मी म्हटलं. "नावही माझंच राहील."

"इमोशनल होऊ नकोस."

मी कुबडी घेतली आणि मॅनेजरच्या केबिनमध्ये गेले. सर मागून आले. त्यांच्यासमोरच मी इंग्रजीत सांगितलं: मी जायचं नाही असं कधीच म्हटलं नव्हतं. हे खोटं आहे. मॅनेजरनं सरांकडे बघितलं. सरांनी जमिनीकडे.

तरी मी गेले नाही. माझं तिकीट दुसऱ्याच्या नावावर झालं होतं, आणि ते बदलायची तसदी कुणी घेतली नाही. टीम निघाली त्या सकाळी मी ऑफिसात एकटीच होते. पुस्तिका मात्र त्यांच्या बॅगांत होती, माझ्या नावानिशी, त्या पानासकट. त्या पानावर मी एक ओळ वाढवली होती: कार्ड एका हातानं दिलं तरी चालतं, विचारून घ्या.

पुढच्या खेपेसाठी मी माझं नाव लेखी दिलं आहे. नाही म्हणायचं असेल तर त्यांनीही लेखी म्हणावं, कारणासकट. मी कार्ड एका हातानं देईन, दुसरा कुबडीवर असेल. चिखलात बसून ओंजळ धरणं संपलं. ज्याला द्यायचं असेल त्यानं माझ्या हातात द्यावं. टेबलावर टाकलेलं मी पुन्हा उचलणार नाही.