झाडाचं कापड

कल्याणजवळच्या मोहने गावात आम्ही ठमाबाईंच्या घरात दोन खोल्या भाड्याने घेऊन राहत होतो, तेव्हाची ही गोष्ट. सन छप्पन असेल. माझे यजमान आणि ठमाबाईंचा मुलगा परशुराम दोघेही कृत्रिम रेशमाचं सूत काढणाऱ्या कारखान्यात. एक टेबलावर, दुसरा यंत्रावर. तसल्याच सुताची एक गुलाबी साडी परशुरामने बायकोसाठी, कमळासाठी, कल्याणहून आणली होती. ती नेसून कमळाला बाळकुमला भावाच्या हळदीला जायचं होतं. साडीची बातमी माहेरी आधीच पोचली होती. ठमाबाई मात्र जाणार नव्हत्या. परशुरामच्या लग्नातल्या मानपानावरून त्यांचं आणि विहीण गंगुबाईंचं बिनसलं होतं, ते अजून सांधलं नव्हतं.

ठमाबाई उंच, काटक, बोलायला फटकळ. त्यांनी धुतलेलं धोतर दोरीवर लांबून ओळखू येई. साबणाची वडी घरात आली ती परशुरामच्या पगाराबरोबर, आणि तिच्यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता. माझ्या हेमाने एकदा विचारलं, "आजी, साबण नव्हता तेव्हा तुम्ही मळकेच कपडे घालायचात?"

"मळकी असशील तू! चल विहिरीवर."

हेमा आणि ठमाबाईंच्या पुतण्याची धाकटी सुमती, दोघींची शाळा सुरू झाली. बुडाला भोक असलेलं मडकं, भोकावर फडकं, वर चाळलेली राख. पाणी ओतलं की खाली थेंब थेंब चहाच्या रंगाचं पाणी गळे. "बोटं बुडवा. बुळबुळीत लागलं? मग झालं." त्यात धोतरं भिजत पडत आणि सकाळी दगडावर आपटली जात. रिठे मात्र वेगळ्या भांड्यात.

"ध्यानात ठेवा गो," त्या सांगत, "झाडाचं कापड राखेला भीत नाय नि दगडाला पण नाय. रेशीम किड्याचं, घोंगडी मेंढीची. त्यांना रिठा, नि हात हलका."

बाळकुमला निघायच्या आदल्या दिवशी साडीच्या पदरावर डाळीचा डाग दिसला. कमळा बाजारात गेली होती. सुनेवर उपकार करावेत म्हणून ठमाबाईंनी साडी विहिरीवर आणली.

"दिसते रेशमासारखी. पण परशा सांगतो, लाकूड शिजवून सूत काढतात. मग काय लावायचं, राख का रिठा?"

"राख!" दोघी एकदम ओरडल्या.

मी तिथेच तांदूळ निवडत होते. मलाही उत्तर बरोबर वाटलं.

राखेच्या पाण्यात भिजवून दोनचारदा आपटल्यावर भिजल्या पापडासारखा पदर ठमाबाईंच्या हातात आला. उरलेली साडी दगडावर.

कमळा आली, फाटका पदर मांडीवर घेऊन बसली. म्हणाली, "आता माहेरी म्हणतील, साडी घेतलीच नव्हती. नुसत्या बाता."

परशुराम पाळी संपवून आला. "आई, भिजलं की ह्याचा जीव जातो. कारखान्यात सगळ्यांना ठाऊक आहे."

"मला कोणी सांगितलं?"

"तू कुणाला विचारलंस?"

ठमाबाईंनी साडीचे दोन्ही तुकडे गोळा केले. सकाळी उठून बघते तो त्या ठेवणीतलं लुगडं नेसून, फाटकी साडी फडक्यात बांधून तयार. "चल गो कमळे. मी पण येते."

पुढचं कमळाने परत आल्यावर सांगितलं. भर मांडवात त्यांनी गाठोडं सोडलं. "बघा विहीणबाई, माझ्या पोराने घेतलेली हीच ती साडी. मी फाडली. पोरीचा दोष नाय."

गंगुबाईंनी तुकडा बोटांत चोळून पाहिला. "तुमचा हात लागून दगड शाबूत राहिला, तेच नशीब म्हणायचं!"

मांडव हसला. ठमाबाईही हसल्या म्हणे. मग गंगुबाईंनी आपलं एक लुगडं पेटीतून काढून दिलं आणि कमळाला ते ठमाबाईंनीच नेसवलं.

परत आल्या आल्या त्यांनी हेमाला आणि सुमतीला हाक मारली. हातात गुलाबी साडीची एक चिंधी होती. ती पाण्यात बुडवली आणि दोघींना एकेक टोक धरून ओढायला सांगितलं. चिंधी तुटली.

"शिकवलं ते अर्धंच व्हतं. नवीन कापड आलं की आधी कोपरा भिजवून ओढून बघायचा."

"आणि तुटला तर?" हेमाने विचारलं.

"तर ज्याने आणलं त्याला विचारायचं. लाज सोडून."