हद्दीचा दगड

नर्सने विचारलं, "घेऊन जाणार, की आम्ही विल्हेवाट लावू?"

मी तेव्हा वाशीत एका कंत्राटदाराच्या ऑफिसात टायपिस्ट होते. विल्हेवाट हा शब्द मी आठवड्यातून चार वेळा तरी टाइप करायचे. राडारोड्याची विल्हेवाट, जुन्या पत्र्यांची विल्हेवाट. तो शब्द माझ्या बाळासाठी कुणी वापरेल असं मला वाटलं नव्हतं. मी म्हणाले, "घेऊन जाणार." नर्सने माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. बायकांचं असल्या बाबतीत ऐकायचं असतं की नाही, याची तिला खात्री नसावी.

पाचव्या महिन्यात सोनोग्राफी झाली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की बाळाच्या डोक्याची कवटीच तयार झालेली नाही. जन्मलं तरी काही तासच. आम्ही तीन दिवस एकमेकांशी धड बोललो नाही आणि चौथ्या दिवशी जाऊन सह्या केल्या. आधी माझी, मग ह्यांची. नंतर भेटायला येणारे "गेलं बिचारं" म्हणायचे, तेव्हा मला ओरडून सांगावंसं वाटायचं की ते गेलं नाही, आम्ही पाठवलं. आणि चाळीतल्या दोघी-तिघी तर पाण्याच्या नळावर सरळ म्हणत होत्या, मुलगी निघाली असेल म्हणून पाडलं. मुलगा की मुलगी, हे मला आजही माहीत नाही. मला पाहूच दिलं नाही.

हे बाजार समितीत माथाडी होते, कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर. पन्नास किलोचं पोतं मानेवर सहज घेणारा माणूस. माझ्या जुन्या सुती साडीच्या तुकड्यात गुंडाळलेलं ते एवढंसं ओझं पिशवीत घालून निघाले, तेव्हा दोन्ही हातांनी धरून चालत होते. दुपारी परत आले, अंगणातल्या बादलीने अंघोळ केली आणि भिंतीला टेकून बसले.

"कुठे?" मी विचारलं.

"झालं समदं," ते म्हणाले.

"पण कुठे?"

उत्तर सासूबाईंनी दिलं. "आईला जागा सांगायची नसती. जीव तितंच घुटमळत ऱ्हातो. पुढची कूस धरत न्हाय." त्यांचं गाव साताऱ्याकडचं, आणि तिकडचे सगळे नियम त्या सानपाड्याच्या आमच्या दीड खोलीत घेऊन आल्या होत्या. हे देवळातल्या गुरुजींना विचारायला गेले तर गुरुजींनी हिशेबच मांडला. पाच महिन्यांचं म्हणजे आईला पाच दिवसांचं सुतक. बाकी कुणाला काही नाही. पिंड नाही, दहावा नाही. सहाव्या दिवशी सासूबाईंनी माझ्यापुढे परात सरकवली आणि मी भाकऱ्या थापायला बसले. एवढ्यावर संपलं.

माझ्यात मात्र काही संपत नव्हतं. दूध यायला लागलं होतं. कुणी सांगितलंच नव्हतं की तसं होतं. ब्लाउज भिजायचा आणि मी ऑफिसात टेबलाशी फाइल छातीवर धरून बसायचे. एकच गोष्ट हवी होती, जागा. फूल ठेवायला नको, दिवा लावायला नको, नुसतं जाऊन उभं राहायचं होतं. मी ह्यांना विचारून विचारून पिळून काढलं. जेवताना विचारलं, कपडे वाळत घालताना विचारलं, एकदा बसस्टॉपवर चारचौघांत रडून विचारलं. हे खाली बघायचे. आईला शब्द दिला होता त्यांनी, आणि शब्द मोडणारा माणूस नव्हता. तेव्हा मला त्या गुणाचा भयंकर राग यायचा.

महिन्याभराने एका रविवारी मी जेवणच सोडलं. दुपारपर्यंत ताटाला हात लावला नाही, तेव्हा सासूबाई देवळात गेलेल्या बघून हे हळूच जवळ बसले. मला बरं वाटावं म्हणूनच बोलले.

"स्मशानात घेत नव्हते. तितला मानूस म्हनाला, एवढ्याला जाळत न्हाईत आन् पुरायला हितं जागा न्हाय. गावाकडं आपल्या बांधावर ठेवलं असतं. हितं कुठला बांध? मग खाडीकडं चालत गेलो, मिठागराच्या अलीकडं. खोल खड्डा केला, मीठ घातलं. तू काळजी करू नको. हद्दीच्या दगडाशेजारीच ठेवलंय."

"कसला दगड?"

"हद्दीचा. रोवलेला, चांगला घडीव, वर लाल रंगात नंबर हाय. हद्दीचा दगड कोन हलवतंय? त्याला कोन हात लावत न्हाय."

मी ताट तसंच टाकून उठले. शेतकऱ्याचा मुलगा तो. त्याच्या गावात हद्दीचा दगड सरकवणं म्हणजे सात पिढ्यांचं पाप. पण मी नवी मुंबईत नोकरी करत होते. लाल नंबरचे दगड असलेल्या जमिनींचीच पत्रं मी दिवसभर टाइप करायचे. इथे तो दगड रोवतात, तो तिथे खणायचं ठरलं म्हणून. सगळ्या खाडीकाठात त्यांनी नेमकी तीच जागा शोधली होती, जिथे यंत्र नक्की येणार होतं.

आम्ही जवळजवळ धावतच गेलो. माझ्या पोटात अजून ओढ लागत होती, तरी गेले. मिठागराच्या अलीकडे पत्र्याचं कुंपण उभं होतं. आत मातीचा भराव पडला होता, पुरुषभर उंच, आणि मधोमध पायाचे खड्डे. दगड चार होते म्हणे, चार कोपऱ्यांना. आता एकही दिसत नव्हता.

"कुठल्या कोपऱ्याला?" मी विचारलं.

हे एकदा इकडे वळले, एकदा तिकडे. "हिकडं असंल. न्हाय, खाडी डाव्या हाताला होती..."

"नंबर काय होता?"

"मी रडत होतो," ते म्हणाले. "नंबर कुठला वाचू?"

मी भरावावर बसले आणि हाताने माती उकरायला लागले. पुरुषभर माती मी हाताने काढणार होते. हे मला उठवत होते आणि मी त्यांच्या हातावर फटके मारत होते. डोक्यावर पिवळा टोप घातलेला सुपरवायझर आला.

"मॅडम, इकडे काम चालू आहे. काय हरवलंय का?"

"हो."

"काय?"

मी म्हणाले, "पिशवी."

तो भला माणूस होता. त्याने काम थांबवून सगळ्या मजुरांना बोलावलं, कुणाला पिशवी सापडली का म्हणून विचारलं. सगळे माना हलवत एकमेकांकडे बघत राहिले. टोपली घेतलेली एक बाई तेवढी बघत नव्हती. ती माझ्या भिजलेल्या ब्लाउजकडे बघत होती. तिने टोपली खाली ठेवली, माझ्या हाताची माती आपल्या पदराने पुसली आणि काही न विचारता मला रस्त्यापर्यंत सोडून गेली.

तिथे चार इमारती झाल्या. तीन वर्षांनी त्यातल्या घरांची सोडत निघाली, तेव्हा मी अर्ज भरला आणि तळमजला मागितला. सगळे वेड्यात काढत होते. डास येतात, ओल येते, वरचा मजला कोण सोडतं? सासूबाई तेवढ्या त्यांत सामील नव्हत्या. नंबर लागला.

ताबा मिळाला त्या दिवशी हे रिकाम्या घरात फिरले. स्वयंपाकघराच्या खिडकीखाली थांबले, टाचेने फरशी दाबली आणि म्हणाले, "हितंच. आता आठवलं. हितंच होता दगड."

अर्जाच्या पुस्तिकेत नकाशा छापलेला होता. आमची इमारत प्लॉटच्या मधोमध आहे, चारही कोपऱ्यांपासून लांब. तिथे दगड असूच शकत नव्हता. मी ह्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाले, "हो. इथंच असेल."

खिडकीखालची ती तीन फरश्यांची जागा आम्ही मोकळी ठेवली. कधी कुणी कारण विचारलं नाही. मग एकदा गावाकडून नणंद आली. घर लावायला मदत करत होती. धान्याची कोठी ढकलत खिडकीपाशी नेऊ लागली. मी भाकरी थापत होते.

सासूबाई पलंगावरूनच म्हणाल्या, "तितं नको ठेवू. तितं आमचं एक हाय."