वा!

एका वयस्कर मल्याळी दिग्दर्शकाचा सिनेमा सिंगापुरात लागला, तशी मी लेकीला ओढतच सेंगकांगहून MRT मेट्रोने घेऊन गेले. पडद्यावर एक बाई पाच मिनिटं नुसती पाणी शेंदत होती, आणि शेवटी पोहऱ्यातून आला काय, तर बेडूक! मी ओरडलेच, "वा! वा!"

"आई, सो लाउड लाह!" लेक तिच्या सिंगापुरी इंग्रजीत कुजबुजली.

खेळाला खुद्द हजर असलेले दिग्दर्शक पहिल्या रांगेतून उठून थेट माझ्यासमोर. "बोलावलंत?" त्यांनी इंग्रजीत विचारलं. मल्याळममध्ये 'वा' म्हणजे 'ये'!

मी घाईघाईने आमच्या मराठी 'वा'चा अर्थ सांगितला. ते खळखळून हसले.

"सिनेमासाठी बँकेतली नोकरी सोडली आणि जन्मभर रिकाम्या खुर्च्यांना 'वा, वा' म्हणत आलो. आज पहिल्यांदाच एका खुर्चीने मला बोलावलं."