गार हातांची पारी

गारमावशीचा हात चुकून जरी कुणाला लागला तरी माणूस दचकायचा. लहानपणी आई म्हणायची, "हात आहेत की बेडूक?" पुढे लग्न झालं, ते दोन वर्षं टिकलं. नवऱ्याला पळून जायला दुसरीच कारणं होती आणि ती पलीकडच्या गल्लीत राहत होती, पण जाताना तो म्हणाला ते हेच, की तुझा हात लागला की मला झोपेतून दचकून जाग येते. सोडून जायचंच असलं की निमित्ताला काहीही चालतं. ती धाकट्या बहिणीकडे आली. धाकटी शिवणकाम करायची, एकटीच राहायची. दोघींचं बरं जमलं.

मग ती बेकरीत काम मागायला गेली. ही बेकरी फळांच्या पायसाठी नावाजलेली. खाली पारी, मध्ये शिजवलेल्या फळांचं सारण, वर पुन्हा पारी, असा भट्टीतून खरपूस भाजून निघालेला गोल पाय. तिथल्या म्हाताऱ्या मालकिणीची एक रीत होती. पारीच्या टेबलावर काम मागायला येणाऱ्या प्रत्येकीच्या मुठीत ती लोण्याचा गोळा ठेवी आणि पन्नासपर्यंत आकडे मोजी. पारीतलं लोणी हाताने वितळलं की खेळ खलास. ते पिठात वाटाण्याएवढ्या तुकड्यांत राहायला हवं, म्हणजे भट्टीत त्याची वाफ होऊन पापुद्रे सुटतात. त्या दिवशी चौघीजणी आल्या होत्या. तिघींच्या बोटांतून तिसाच्या आतच लोणी ओघळलं. हिने पन्नासाला मूठ उघडली तर गोळा होता तसा, वर फक्त बोटांचे वळ. म्हातारीने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला, उलटसुलट करून पाहिला. "हे हात इतके दिवस होते कुठे?" म्हणाली. हिला रडूच कोसळलं. त्या हातांबद्दल कोणी चार शब्द बरे बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

तेव्हापासून चोवीस वर्षं ते टेबल तिचं. गारमावशी हे नावही तिथलंच. खरं नाव पगाराच्या वहीत असेल तेवढंच. पीठ चाळायचं, थंडगार लोण्याचे तुकडे बोटांच्या टोकांनी त्यात घोळायचे, थेंबथेंब गार पाणी, आणि मळायचं म्हणून नाही, नुसतं गोळा करायचं. "कणीक तिंबताय की भांडताय?" असं ती नव्या बायकांना विचारायची. सारणही तीच करी. सफरचंदांचं पाणी सुटलं की ते आधी आटवायचं, मग ते दाटायला कॉर्नफ्लोअर गार पाण्यात कालवून घालायचं. भट्टीतून काढलेला पाय चार तास कुणी कापायचा नाही, खुद्द मालकिणीनेही नाही. गरम कापला की सारण वाहतं, निवला की सुरीला उभं राहतं. म्हातारी गेली, तिची सून मालकीण झाली, भट्टी विजेची आली, पण पारीच्या टेबलाकडे कोणी फिरकलं नाही. घरी ती कुणाची कोणी नव्हती. बेकरीत मात्र गिऱ्हाईक काउंटरवर विचारायचं, "आज गारमावशींच्या हातचा आहे ना?" आणि ते तिला आत ऐकू यायचं.

गेल्या वर्षी तिचा चेहरा सुजायला लागला. आवाज घोगरा झाला, बसल्या जागी डुलकी लागायची. वयाचं आहे, म्हणून तिने अंगावर काढलं. शेवटी धाकटीने तिला धरून डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी नाडी बघायला मनगट धरलं आणि विचारलं, "हात कधीपासून असे गार?"

"कायमचेच."

रक्त तपासलं, थायरॉईड निघाला. बरीच वर्षं अंगात मुरलेला असणार, डॉक्टर म्हणाले. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी, जन्मभर. गारमावशीला तेव्हा हसू आलं. एवढीशी गोळी.

दीड-दोन महिन्यांत गोळीने जादू केली. सूज उतरली, आवाज सुटला, शिलाईच्या मशीनशेजारी बसून ती धाकटीशी गप्पा छाटू लागली. धाकटी खूश. आणि एका सकाळी पिठात बोटं घातली तर लोणी बोटांना चिकटलं. गारमावशीने हात गालाला लावून पाहिला. कोमट होता. साधा, चारचौघींसारखा कोमट.

तिने ताकास तूर लागू दिली नाही. बर्फाच्या पाण्यात हात बुडवून बुडवून काम करू लागली. पण हात कितीही पुसले तरी पाणी पिठात जायचंच, आणि जादा पाण्याने पारी चामड्यासारखी चिवट झाली. आठवडाभराने मालकीणबाई टेबलापाशी आल्या. बाई स्वभावाने मऊ, कुणाला दुखवून बोलणं त्यांना जमत नसे.

"मावशी, हल्ली पापुद्रे नीट सुटत नाहीत. दमता का? सोलणारीला बसवून बघू का तुमच्या जोडीला?"

सोलणारी म्हणजे फळं सोलणाऱ्या बायकांमधली थोरली. कामाला वाघीण. जोडीला म्हणजे काय, ते गारमावशीला बरोबर कळलं, असं तिला वाटलं. आधी जोडीला, मग जागेवर. सोलणारीच्या मुठीत आता लोणी ठेवतील. इकडे आड, तिकडे विहीर. गोळी घेतली तर टेबल जातं, टेबल ठेवावं तर गोळी सोडायला हवी. तिने फार विचार केला नाही. खरं सांगायचं तर अजिबात केला नाही. बाईंकडून थोडे दिवस मागून घेतले.

धाकटी गोळ्या मोजायची. म्हणून रोज सकाळी गारमावशी पाकिटातून गोळी काढायची, तोंडाशी न्यायची आणि बेसिनमध्ये सोडून वर नळ चालू करायची. आठ आठवड्यांत हात गार पडले. पापुद्रे परत सुटू लागले. मालकीणबाईंनी एक तुकडा मोडून खाल्ला, मान डोलावली, आणि सोलणारीचा विषय निघाला नाही. गारमावशीला इतका आनंद लग्नातही झाला नव्हता.

पण गारपणाबरोबर बाकीचंही सगळं परत आलं. चेहरा फुगला. जिन्यावर दोनदा थांबावं लागायचं. चष्मा डोळ्यांवर असायचा आणि ती तो टेबलाखाली शोधायची.

"ताई, गोळी घेतेस ना?"

"पाकीट मोज की. रोज तेच तर करतेस."

धाकटी पुन्हा मोजायची. पाकीट खोटं बोलत नाही, असं तिलाही वाटायचं.

मग मालकीणबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. दुपारच्या जेवणाला चाळीस पाय, सफरचंदाचे आणि आलुबुखाराचे. बाई म्हणाल्या, मदतीला दोघी घ्या. गारमावशी म्हणाली, एकटी करते. दोन दिवस ती त्या टेबलापाशी उभी होती, आणि पारी अशी जमली की तिला स्वतःलाच खरं वाटेना. बोटांना लोणी लागत नव्हतं. लाटताना पिठात लोण्याचे पट्टे संगमरवरासारखे दिसत होते. डोकं जड होतं, कानांत कापूस घातल्यासारखं, पण हात आपले आपण चालत होते. चार मोठ्या पातेल्यांत सारण झालं. पाय भाजले, निवले, टेम्पो घेऊन गेला.

दुपारी टेबल पुसताना तिला फळीवर चार वाट्या दिसल्या. चारही वाट्यांत कॉर्नफ्लोअर होतं, मोजून, सपाट करून ठेवलेलं. पातेल्यांत घालायला काढलेलं. ती खाली बसली. पुन्हा उठायचं तिच्या मनातच आलं नाही.

मालकीणबाई संध्याकाळी आल्या. लग्नातल्याच साडीत, काठावर लाल डाग. नवऱ्या मुलीने पहिला पाय कापला आणि सारण पाण्यासारखं टेबलावर, मांडीवर, जमिनीवर वाहिलं. दुसरा कापला, तेच. पाहुणे आधी हसले, मग कोणी हसलं नाही. बाईंनी हे सगळं शांतपणे सांगितलं. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आणि पारी तर अशी होती," त्या म्हणाल्या, "की लोक नुसती पारी मोडून खात होते. मावशी, झालं काय?"

तेव्हा गारमावशीने सांगितलं. गोळी, बेसिन, हात, सोलणारीच्या मुठीत ठेवणार ते लोणी, सगळं. बाई ऐकता ऐकता स्टुलावर बसल्या.

"अहो, पण हात गरम झाले तर झाले. सासूबाईंचे हात निखाऱ्यासारखे होते. त्या पीठसुद्धा फ्रिजमध्ये ठेवायच्या आणि सुरीने लोणी कापायच्या, बोट लावायच्याच नाहीत. चोवीस वर्षांत मला एकदा विचारलंत तर सांगितलं असतं."

"मग मुठीत लोणी कशाला ठेवायच्या?"

बाई जरा अवघडल्या. "चौघी आल्या की तिघींना नको म्हणावं लागतं ना. ते त्यांच्याच्याने व्हायचं नाही. मग त्यांच्याऐवजी लोणीच नको म्हणायचं. जिला घ्यायचं ठरलेलं असे, तिला बर्फातला गोळा देत. बाकीच्यांना ओट्यावरचा."

"मला कुठला दिला होता?"

"मी तेव्हा नुकतीच लग्न होऊन आले होते. मला नाही माहीत."

गारमावशीने मान हलवली. तिला चीड यायला हवी होती, पण आलं ते नुसतं रितेपण. तेलही गेलं, तूपही गेलं, अशी गत. ज्या हातांवर ती जगली ते हात म्हणजे एक आजार होता, आणि त्या हातांनीच जागा मिळवली होती की नाही, हेही आता कोणी सांगू शकणार नव्हतं.

घरी धाकटीने आधी भांडण काढलं, मग रडली. "मला तू हवी होतीस ताई. पारी मागितली होती का कुणी?"

"मला हवी होती," गारमावशी म्हणाली. "तिथे मी कोणीतरी होते गं."

दुसऱ्या दिवसापासून धाकटी समोर उभी राहून गोळी गिळायला लावते, तोंड उघडून दाखव म्हणते, आणि गारमावशी दाखवते.

बाईंनी तिला काढलं नाही. महिनाभर घरी बसवलं, मग सफरचंदं सोलायला घेतलं, बसून करायचं काम म्हणून. सूज उतरली, आवाज परत सुटला, तब्येत छान सुधारली असं भेटेल तो सांगतो. पारीच्या टेबलाशी आता सोलणारी असते. तिची पारी बरी होते. फार चांगली नाही, वाईटही नाही, कडांना जरा जाड. गारमावशी सालं काढता काढता काउंटरकडे कान लावून असते. सहा महिने झाले. अजून एकाही गिऱ्हाइकाने काही फरक पडल्याचं म्हटलेलं नाही.