सिद्रामप्पांची खुर्ची

आमच्या बिदरच्या दवाखान्यात औषधं महिनाअखेर संपायची, किस्से मात्र कधी संपले नाहीत! निजामाच्या काळात मी तिथं कंपाउंडर होतो. जुनी माणसं भेटली की अजूनही एकच फर्माईश, "ते जनवाड्याच्या सिद्रामप्पांचं सांगा!" मग काय, सांगावंच लागतं.

सिद्रामप्पा किराणा दुकानदार. त्यांच्या पायांवर सूज चढली, चार पावलांत धाप लागायला लागली. आमचे डॉक्टरसाहेब हैदराबादचे, देहानं ऐसपैस. त्यांनी छातीला नळी लावली आणि म्हणाले, "अप्पा, दिल थक गया है. दवा लेव, नमक छोडो, रोज थोडा थोडा चलो."

साहेबांची एक परीक्षा असायची. दवाखान्याच्या दारापासून आवारातल्या चिंचेच्या झाडापर्यंत रोग्यानं गप्पा मारत चालायचं. बोलणं तुटलं की नापास! साहेब स्वतः मात्र समोरच्या कचेरीतसुद्धा टांग्यानं जायचे. पहिल्या परीक्षेत अप्पा नमस्काराचं "शरणु साहेब" एवढंच बोलले आणि मटकन पायरीवर बसले.

*

पुढच्या परीक्षेला अप्पांचा धाकटा भाऊ बसप्पा हजर!

"अण्णा दुकानात हायत. त्यांच्या वतीनं मी चालून दावतो. मी त्यांचा मुख्त्यार!"

शेताच्या दाव्यात बसप्पा वर्षानुवर्षं भावाच्या जागी उभा राहायचा. "कोर्टात मान्य हाय, मग हितं कामून न्हाई?" म्हणाला.

साहेबांनी शांतपणे त्याला चालवलं. गडी गप्पा हाणत चिंचेला वळसा घालून आला.

"हौ, बिल्कुल पास!" साहेब म्हणाले आणि माझ्याकडे वळले, "अब अप्पा की कडवी दवा भी इन्हीच कू पिलाव!"

त्यानंतर बसप्पा दर खेपेला भावाला गाडीत घालून स्वतः आणू लागला.

*

घरात गंगाक्कांनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, मीठ कुलपात ठेवलं. तरी सूज हटेना. एक दिवस त्या अचानक दुकानात गेल्या, तर अप्पा मिठाच्या पोत्याजवळ बोट चोखत उभे!

"काय करायलाव?"

"माल तपासायलोय! गिऱ्हाइकाला खराब मीठ द्यायचं व्हय?"

गंगाक्का भांडल्या नाहीत. त्या दिवसापासून स्वतःही अळणी जेवू लागल्या. "तुमच्या तोंडाला चव न्हाई, मग माझ्या कामून असावी?" एवढंच म्हणाल्या. अप्पांनी पुन्हा त्या पोत्याला हात लावला नाही. हे मला अप्पांनीच सांगितलं.

*

पण तोवर व्हायचं ते झालं होतं. अप्पांना दवाखान्यात ठेवायची वेळ आली. मुलांनी दुकानातल्या खुर्चीला बांबू बांधले आणि म्हणाले, "अप्पा, बसा. गाडीपतुर उचलून नेतो."

अप्पा असे भडकले! लिंगायतांत माणूस गेला की त्याला बसवून, सजवून, खांद्यावरून नेतात.

"आमच्यात बसवून कवा नेतात, ठाव न्हाई व्हय? तसं निघायचं ते एकदाच! गाडीत आडवा घालून न्या. पण येताना वेशीतून घरापतुर माझ्या पायानं येणार!"

हे ऐकून आम्ही दवाखान्यात हसलो. पण मला मनापासून वाटत होतं, देवा, एवढं होऊ दे याचं.

*

हळूहळू सूज उतरली. अप्पा चिंचेकडे निघायचे, दम लागला की वाटेतल्या एखाद्या रोग्याच्या खाटेशी थांबायचे. "शरणु! बरं हाय का?" रोगी म्हणायचे, काय मायाळू माणूस!

अप्पा माझ्या कानात म्हणाले, "माया कुठली बाबा, दम लागतोय! पन आता सवय लागली. दम न्हाई लागला तरी थांबतोय."

*

अखेर घरी जायचा दिवस आला. साहेब हट्टानं सोबत निघाले, मीही होतो. वेशीपाशी गाडी थांबली. गरज पडली तर म्हणून मुलं बांबूची खुर्ची घेऊन तयारच होती. अप्पांनी तिच्याकडे पाहिलंसुद्धा नाही, काठी टेकत चालायला लागले.

साहेबांनी घाईघाईनं गाडीतून उडी मारली, आणि पाय मुरगळला! पाऊल टेकवेना. मग काय, चौघांनी साहेबांनाच खुर्चीत बसवून खांद्यावर घेतलं. ऊन रणरणत होतं म्हणून त्यांनी डोक्यावरून शाल ओढून घेतली.

पुढं आम्ही अप्पांच्या चालीनं, मागं खुर्ची. गल्लीच्या तोंडाशी बायकांना आधी दिसली ती उंचावरची खुर्ची. एकच हंबरडा फुटला! गंगाक्का दारात खांबाला धरून उभ्या राहिल्या.

अप्पा थांबले नाहीत. चालता चालताच ओरडले, "काय गं बायांनो, कोण गेलं?"

खुर्चीतून साहेबांनी टाळी वाजवली, "शाबास! चलते चलते बोले! अप्पा पास!"

खुर्चीतून आवाज आलेला ऐकून बायका वाट फुटेल तिकडं पळाल्या. गंगाक्का तेवढ्या हलल्या नाहीत. अप्पा समोर येऊन उभे राहिले, तसं त्यांनी पदरानं डोळे पुसले आणि त्यांच्या धुळीनं भरलेल्या पायांकडे बघत म्हणाल्या,

"चालत आलाव नव्हं? मग पाय धुवा. अळणी वाढलंय, दोघांचंबी!"