अक्का हसल्याशिवाय छपाई नाही

अख्ख्या जोयडा तालुक्यात पुस्तकं छापून यशस्वी झालेला माणूस एकच आहे, आणि त्याने आयुष्यात एकही पुस्तक शेवटपर्यंत वाचलेलं नाही. हा माणूस म्हणजे माझे साडू. रामनगरच्या हमरस्त्यावर त्यांचं ट्रकच्या सुट्या भागांचं दुकान आहे. त्याच काउंटरवर, फॅनबेल्ट आणि ग्रीसच्या डब्यांच्या मधोमध, ‘गवाप्पा’ नावाच्या चित्रकथेची पुस्तकं रचून ठेवलेली असतात. गवाप्पा हा अणशीच्या जंगलातला गवा. त्याला चष्मा आहे, खांद्याला पिशवी आहे, आणि दर पुस्तकात तो कसल्यातरी साध्या कामासाठी रामनगरच्या बाजारात येतो. कधी चप्पल शिवायला, कधी रेशनकार्डात नाव घालायला. काम होत नाही, बाजार मात्र उद्ध्वस्त होतो. एवढ्या भांडवलावर हे पुस्तक बेळगावपासून गोव्यापर्यंत पोरांच्या हातात गेलं. कुणी कौतुक केलं की साडू खिशातली सुतळी बोटाला गुंडाळत म्हणतात, “आमी काय केलंय? आमी निस्तं गठ्ठं बांधतोय.” खिशात सुतळी नसेल त्या दिवशी ते कौतुक ऐकूनच घेत नाहीत.

आणि खरं सांगायचं तर गठ्ठे बांधण्यापलीकडे त्यांनी फारसं काही केलेलंही नाही. चित्रं काढतो तो पेंटर मुळात ट्रकच्या पाठी रंगवणारा. साध्या कागदावर त्याच्या गवाप्पाचं एक शिंगच मावतं. म्हणून दुकानातली रिकामी खोकी फाडून तो पुठ्ठ्याच्या आतल्या, कोऱ्या बाजूवर चित्रं काढतो. बेळगावचा छापखाना लग्नपत्रिकांचा. लगीनसराईत तिथे गवाप्पाला कुणी उभं करत नाही. सराई संपली की पत्रिकांच्या उरलेल्या शाईत तो छापला जातो. त्यामुळे तो कधी हळदीसारखा पिवळा निघतो, आणि एका वर्षी तर गुलाबी निघाला. दिग्गी गावच्या एका म्हाताऱ्याने, ज्याच्या भातशेतात खरे गवे उतरतात, दुकानात येऊन विचारलं की गवा असा गुलाबी का म्हणून. साडू म्हणाले, “लगीन ठरलंय त्येचं.” म्हातारा समाधानाने घरी गेला.

विक्रीची बाजू शेजारचा पंक्चरवाला सांभाळतो. पंक्चर निघेपर्यंत ड्रायव्हर लोक स्टुलावर बसून गवाप्पा चाळायचे. पंचाईत अशी व्हायची की पंक्चर आणि पुस्तक दोन्ही एकदमच संपायचं, आणि ड्रायव्हर काळी बोटं उमटलेलं पुस्तक परत ठेवून निघून जायचा. साडूंनी दोन दिवस विचार केला आणि पंक्चरवाल्याला एवढंच म्हणाले, “तू जरा हात चालव की.” तेव्हापासून गवाप्पाचं शिंग बांगड्यांच्या दुकानात अडकतं नेमक्या त्या क्षणी टायर तयार होतो. ड्रायव्हर पुढचं कळावं म्हणून पुस्तक विकत घेतो. प्रकाशनव्यवसायात असा विचार दुसऱ्या कुणी केल्याचं माझ्या ऐकिवात नाही.

या उद्योगात माझा वाटा फुग्यांचा. पात्रांच्या तोंडातून बोलण्याचे जे फुगे निघतात ते मी लिहितो. माझं कापडाचं दुकान असलं तरी लग्नपत्रिकेत छापायच्या लडिवाळ ओळी रचण्यात या भागात माझा हात धरणारा कुणी नाही, हे मी नम्रपणे सांगतो. पहिल्या पुस्तकाला मी एकूण एक फुगा यमकात लिहून दिला. छापून आलं तेव्हा सबंध पुस्तकात माझे दोनच शब्द उरले होते: ‘अगाई’ आणि ‘थांब’. त्यातलाही ‘थांब’ आपला आहे असं पेंटरचं म्हणणं आहे.

बाकीचे फुगे गिरणीत गेले. गिरणी म्हणजे साडूंच्या थोरल्या बहिणीची, अक्कांची, पिठाची गिरणी. पुस्तक छापखान्यात जाण्याआधी चित्रांचे पुठ्ठे अक्कांकडे जातात, आणि तेही गिरणी चालू असताना, असा साडूंचा कडक नियम. आत पट्ट्यांचा धडधडाट असा की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. दळणाला आलेल्या बायका डबे सांभाळत मागे उभ्या. साडू एकेक पुठ्ठा समोर धरतात, अक्षरओळख नसलेल्या अक्का चिमटीत पीठ चोळत नुसतं चित्र बघतात. त्या हसल्या की भुवयांवरचं पीठ गळतं, आणि पीठ गळलं की पुस्तक पास. “बरं हाय” म्हणाल्या की नापास. मग पेंटरने सगळं पुन्हा काढायचं. मी एकदा चिडून म्हणालो, “साडू, वाचता येणाऱ्या माणसांसाठी पण काही ठेवा की!” ते म्हणाले, “पावणं, वाचता येतंय त्यास्नी चित्रं बी दिसत्यात न्हवं?”

हा हट्ट कशापायी ते मला माझ्या बायकोने सांगितलं. आई लवकर गेली, साडूंना वाढवलं ते अक्कांनी. पुढे गिरणीच्या आवाजात अक्कांचे कान गेले. घरात सगळे हसले की त्या एकेकाच्या तोंडाकडे बघत राहायच्या आणि मग सगळ्यांच्या मागून, उशिरा हसायच्या. ते उशिराचं हसू साडूंना सोसेना. एकदा बाजारात गवा शिरून कोबी खाऊन गेला, ती हकीकत ओरडून सांगता सांगता साडूंचा घसा बसला, तेव्हा त्यांनी ती पेंटरकडून पुठ्ठ्यावर काढून घेतली. अक्का सगळ्यांच्या आधी हसल्या. पुढचं सगळं प्रकाशन त्या एका हसण्यासाठी चाललेलं आहे. गोव्यापर्यंत गेलं ते उरलंसुरलं.

गेल्या सराईनंतर नवीन पुठ्ठे गिरणीत गेले. गडबडीत साडूंनी पहिलाच पुठ्ठा उलटा धरला, म्हणजे खोक्याची बाहेरची बाजू, जिच्यावर एक छत्री, एक काचेचा पेला आणि वर जाणारे दोन बाण छापलेले असतात. अक्का खळखळून हसल्या. पीठ गळलं. पुस्तक पास झालं म्हणून पेंटर चहा सांगायला निघाला. मागच्या बायका मात्र हसल्या नव्हत्या. साडूंनी पुठ्ठ्याकडे पाहिलं, आणि दुसरा पुठ्ठा मुद्दामच उलटा धरला. अक्का पुन्हा हसल्या. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू पिकला होता. त्यांना फक्त भाऊ समोर उभा आहे एवढं दिसत होतं, आणि तो हसण्याची वाट बघतोय हे ठाऊक होतं. मला त्या दिवशी फार वाईट वाटलं, आणि साडूंच्या तोंडाकडे तर बघवेना.

अक्का ऑपरेशनला तयार होईनात. गिरणी बंद ठेवली तर लोकांनी खायचं काय, हा त्यांचा मुद्दा. साडूंनी वाद घातला नाही, कारण ज्याला ऐकूच येत नाही त्याच्याशी वादात जिंकता येत नाही. त्यांनी गवाप्पा बंद केला. “तिला दिसंना तवर छापायचं न्हाई.” झालं, सगळ्यांचेच धंदे अडले. हातात पुस्तक नसल्यामुळे ड्रायव्हर लोक पंक्चर काढण्याकडे लक्ष देऊ लागले, आणि पंक्चरवाल्याची रोज भांडणं होऊ लागली. तो अक्कांना समजावायला गिरणीत गेला आणि स्वतःच्या डोळ्याकडे बोट करून त्याने इतके हावभाव केले, की अक्कांनी पदराचा बोळा करून त्याच्या डोळ्यात फुंकर घातली. छापखान्याचे मालक बेळगावहून येऊन गेले. मीही चार ओळी रचून नेल्या, त्यांचं काय झालं ते सांगत नाही. शेवटी पेंटरने सगळी खोकी एकत्र जोडून ट्रकच्या पाठीएवढा गवाप्पा काढला, पलंगावर आडवा पडलेला, दोन्ही डोळ्यांवर पट्टी. अक्कांनी पुठ्ठ्याला नाक लावून तो इंच इंच पाहिला आणि म्हणाल्या, “ह्येचं झालं व्हय? मग माजं बी करा.”

डोळे बेळगावला झाले, एकामागून एक. तोवर गिरणी साडूंनी चालवली. त्या दिवसांत रामनगरने जे पीठ खाल्लं त्याला पीठ म्हणण्याचा धीर मला होत नाही. पण कुणी तक्रार केली नाही.

अक्का नवा चष्मा लावून परत आल्या त्या संध्याकाळी गिरणीत पाय ठेवायला जागा नव्हती. पट्टे सुरू झाले. साडूंनी एकेक पुठ्ठा धरला, या वेळी सुलटा. अक्कांनी प्रत्येक चित्र कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत पाहिलं. शेवटचा पुठ्ठा झाला, आणि त्या म्हणाल्या, “बरं हाय.”

पेंटर वजनकाट्यावर मटकन बसला. पंक्चरवाल्याने कपाळाला हात लावला. साडू मात्र माझा दंड धरून कानात ओरडले, “दिसतंय की हो पावणं! समदं दिसतंय तिला!” आणि ते नापास पुठ्ठे त्यांनी असे जपून सुतळीने बांधले, की पास झालेला गठ्ठाही त्यांनी कधी तसा बांधला नसेल. डोळे पुसायला त्यांचा हात मोकळा नव्हता. ते पुस्तक पुढे नव्याने काढून झालं, पासही झालं, आणि पोपटी रंगात छापून आलं. मला आठवते ती मात्र नापासाची संध्याकाळ.

कारण त्यानंतर अक्कांनी पट्ट्यांच्या वर आवाज चढवून हाक मारली, “तम्मा, हिकडं ये.” धाकट्या भावाला त्या तम्माच म्हणतात. साडू जवळ गेले. अक्कांनी त्यांना नीट पाहिलं, कितीतरी वर्षांनी, आणि रागावल्या. “गिरणी चालीवलीस का पिठात लोळलास रं? डोस्कं बघ की!” त्यांनी पदराने साडूंचे केस झटकले. थोडं पीठ उडालं. त्यांनी पुन्हा झटकले, मग बोटांनी चोळून पाहिले, पिठाची परीक्षा करतात तसे. पांढरं गेलं नाही. अक्कांचा हात तिथेच थांबला. साडू मान खाली घालून लहान पोरासारखे उभे राहिले. मला तर एकही शब्द सुचला नाही, आणि त्या आवाजात तो कुणाला ऐकूही गेला नसता.