पास्कूची अर्धी गाडी

नाटक संपलं की आम्ही नट वाकून नमस्कार करायचो, टाळ्या घ्यायचो, आणि डोंगरीचा पास्कू विंगेत वायरी गुंडाळत बसायचा. आमच्या सगळ्या प्रयोगांचे दिवे त्याचे. मी त्याला हाताला धरून पुढे ओढायचो, तर तो लाजून पळायचा. आपलं म्हणावं असं काही त्याने आयुष्यात एकदाच मागितलं, आणि ते म्हणजे एक ट्रक. तोही अर्धाच.

१९९१ साली आमच्या भाईंदरात टँकर हाच नळ होता. चेण्याच्या दाजी पाटलाने टँकर करायला म्हणून लष्कराच्या लिलावातून एक जुना ट्रक आणला. इंजिन ठणठणीत, पण वायरी उंदरांनी खाल्लेल्या. तो पास्कूला म्हणाला, "गाडी माजी, हात तुजं. चालू झाली का अर्धी तुजी." दोघांनी टाळी दिली. भागीदार मजुरी घेत नसतो, म्हणून पास्कूने पावसाळाभर एक पैसा घेतला नाही.

मिलिटरीच्या गाडीला चोवीस व्होल्ट लागतात, म्हणून बारा-बाराच्या दोन बॅटऱ्या एकमेकींना जोडलेल्या असतात. पास्कू मला आणि दाजीला दाखवून म्हणाला, "हे दोन बैल हायेत, मास्तर. एकालाच दामटला तं गाडी जाग्यावर बसंल. दाजी, यातल्या एकट्या एकीवर काय लावायचं न्हाय हां." दाजीने मान डोलावली.

दसऱ्याला पूजा ठरली. गाडीच्या कपाळावरच्या पाटीवर डावीकडे 'आई एकवीरा' रंगवून झालं होतं. उजवीकडे खडूने 'वेलंकनी माता' आखलं होतं. ते पास्कूचं अर्धं. पहिली खेप झाली की रंग भरायचा.

आदल्या संध्याकाळी मी मांडव बघायला गेलो, तेव्हा दाजीचा नवा जावई उदय गाडीत टेप बसवत होता. बारा व्होल्टचा टेप, म्हणून वायर एकाच बॅटरीवर. दाजी कौतुकाने पाना धरून उभा. पास्कू उत्तनला हार आणायला गेला होता. मी म्हटलं, "अहो दाजी, पास्कू काय म्हणाला होता?"

"एका रात्रीनं काय होतंय, मास्तर? जावयाची हौस हाय."

रात्रभर गाणी वाजली. सकाळी नारळ फुटला, व्याही खुर्च्या टाकून बसले, उदयने चावी फिरवली. टक्. पुन्हा टक्.

"दाजी," व्याही हसले, "गाडीला पाणी पाजलंत की नुसता नारळच?"

सगळा मांडव हसला. पास्कूने हार बाजूला ठेवून बॅटरीचा खोका उघडला. "जावईबापू, टेप एकीवरच लावलाव तुमी. ती बसली. दुसरी एकटी काय करंल?"

"मी कुठे? टेपसाठी ती वायर यानेच काढून ठेवली होती," उदय म्हणाला.

दाजीने व्याह्यांकडे पाहिलं, मग जावयाकडे, मग पास्कूकडे. "पास्कू, तुजं काम कच्चं. असल्या कामाला मी अर्धी गाडी देऊ?"

"दाजी, पाना तुमच्याच हातात होता!" मी ओरडलो. शेवटच्या रांगेपर्यंत पोचणारा आवाज माझा, पण त्या दिवशी कुणाला ऐकू गेला नाही.

पास्कूने हार उचलला आणि तो बस स्टॉपकडे चालू लागला.

बॅटरी चार्ज करून टँकर आमच्या गल्लीत आला तेव्हा पाटीच्या उजव्या अर्ध्यावर लाल रंगात 'उदय-शालू' होतं. शालू म्हणजे दाजीची लेक. टेप जोरात चालू होता.

दिवाळीनंतर तोच टँकर आमच्याच फाटकात बंद पडला. उदयने पास्कूला निरोप धाडला, आणि पास्कू आला.

"माघारी जा रे," मी म्हटलं. "तुला काही स्वाभिमान आहे की नाही?"

"मास्तर, बायामाणसं बादल्या घेऊन उबी हायेत."

त्याने टेपची वायर काढली, बॅटरीची टोकं सोड्याच्या पाण्याने धुतली, घासून पुसून आवळली, बसलेल्या बॅटरीच्या जागी दुसरी आणून जोडली. गाडी सुरू झाली. काढलेली वायर त्याने उदयच्या हातात दिली. "परत लावा, जावईबापू. बसली का बोलवा."

उदयने खिडकीतून नोटा पुढे केल्या. पास्कू पाटीकडे बघत क्षणभर थांबला. मग हात पँटला पुसून त्याने मजुरी घेतली.